चाकू मिटायचा नाही

मे महिना संपत आला की आमच्या गाई डोंगरावर जातात. शिंगांना फुलं, गळ्यात मोठाल्या घंटा, आणि ओब्राकच्या पठारावरची सगळी माणसं रस्त्याच्या कडेला उभी. त्या वर्षी सकाळपासून भुरभुर पाऊस होता आणि मी भयंकर चिडलेली होते. कळपाच्या पुढे चालायचा मान मी मागितला होता आणि बाबांनी तो मारियुसकाकांना दिला होता. मारियुसकाका आमचे जुने गुराखी, देवमाणूस. त्यांच्यावर राग काढण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी जत्रेच्या तंबूत शिरले, एक वाळवलेलं सॉसेज विकत घेतलं आणि रिकामं बाक बघून धपकन बसले.

समोर एक मुलगा बसला होता. भिजलेले केस कपाळावर, कान लालबुंद, आणि हातातलं सॉसेज दातांत धरून तो असं ओढत होता की मला आमचा कुत्रा आठवला. पण खरी गंमत त्याच्या शेजारी होती. चामड्याची एक वळकटी उलगडून ठेवली होती आणि तिच्या कप्प्यांत एकापेक्षा एक देखणे घडीचे चाकू. शिंगाच्या मुठीचे, अक्रोडाच्या लाकडाचे, एक तर हस्तिदंती.

"इतके चाकू आहेत तुमच्याकडे," मला राहवलं नाही, "मग दातांचे हाल कशाला?"

त्याने घाईघाईने घास गिळला. "हे कापायचे नाहीत."

"मग कशाचे?"

"जमवायचे."

मी हसले. अगदी वाईट हसले, तोंडावर हात न ठेवता. मग खिशातून माझा चाकू काढला. आईच्या वडिलांचा तो. शिंगाची मूठ तळहाताने झिजून गुळगुळीत झालेली, पातं राखाडी पडलेलं. आमच्याकडे मुलींना नाजूक, बोटभर चाकू देतात; आजोबांनी मला त्यांचाच दिला आणि घरात त्यावरून बरंच बिनसलं होतं. मी सॉसेजच्या चकत्या पाडायला लागले.

तो सॉसेजकडे बघत नव्हता. माझ्याकडेही नाही, याचा मला जरा रागच आला. तो बघत होता चाकूकडे, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"हा... हा ट्रेमोलेचा आहे?"

त्याच्या म्हणण्याप्रमाणे ट्रेमोले नावाच्या कारागिराची भट्टी महायुद्धाच्या आधीच बंद पडली. त्याच्या हातचे मोजकेच चाकू उरलेत, आणि मिसरूड फुटल्यापासून हा मुलगा त्यातला एक तरी बघायला मिळावा म्हणून बाजार धुंडाळतोय.

"आणि तुम्ही त्याने सॉसेज कापताय," तो म्हणाला.

"काल कांदे कापले. परवा गाईच्या खुरातला खडा काढला."

त्याने डोळे मिटून घेतले. तंबूवर पाऊस टपटपत होता. डोळे उघडल्यावर त्याने अगदी हळू आवाजात विचारलं, विकाल का... मी सांगितलं, चाकू विकायचा नाही, सॉसेज हवं तर घ्या. आणि चकती पात्याच्या टोकावर धरून पुढे केली, आमच्याकडे देतात तशी. ती घेताना त्याचं बोट माझ्या बोटाला लागलं. लागलं की मुद्दाम लावलं, हे मी त्याला नंतर कितीदा विचारलं. अजून खरं सांगत नाही.

नाव गास्पार. गाव विचारलं तर तो एकदम पावसाकडे बघायला लागला.

"जरा उत्तरेकडचा आहे."

"उत्तरेला पुष्कळ गावं आहेत."

"तिएर," तो म्हणाला, आणि मार खायच्या तयारीने खांदे आवळले.

तिएर! आमचं लायोल म्हणजे चार गल्ल्या आणि एक चर्च, पण चाकूला नाव आमचं. तिएर हे चाकूंचंच शहर. आमच्या नावाचे चाकू तेच आमच्यापेक्षा जास्त बनवतात. माझे बाबा तिएरला सरळ चोर म्हणतात, तेही प्रार्थनेच्या आधी आणि नंतर. मीही तेच शब्द गास्पारला ऐकवले. त्याने शांतपणे सांगितलं, की त्याच्या पणजोबांनी सगळा जन्म नदीवरच्या कारखान्यात फळीवर पालथं पडून फिरत्या दगडावर पाती घासली. पाण्याची हाडं गोठवणारी थंडी, म्हणून पायांवर कुत्रा झोपवायचे. लायोलच्या भट्ट्या बंद होत्या तेव्हा लायोलचा चाकू जिवंत ठेवला तो अशा माणसांनी.

"चोर इतके कष्ट करत नाहीत," तो म्हणाला.

मी एक चकती उगाच जाड कापली. त्याचा राग आला, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

"पुढच्या वेळी वापरलेला चाकू घेऊन या," मी उठत म्हटलं. "पातं चकचकीत दिसलं तर मी बोलणार नाही."

"म्हणजे पुढच्या वेळी येऊ?"

"असं मी कुठे म्हटलं?"

"आत्ताच..."

तो आला. वर कुरणावर दगडी झोपडीत मी आणि मारियुसकाका गाई सांभाळायचो, चीज लावायचो. तिथे तो धापा टाकत चढून आला आणि खिशातून चाकू काढला. पातं आरशासारखं. मी काही न बोलता त्याच्यापुढे कांद्यांची टोपली ठेवली. बिचाऱ्याने कापायला घेतलं, पण काय ती तऱ्हा! एक काप, मग रुमालाने पातं पुसायचं, मग धार आतल्या पट्टीवर आपटू नये म्हणून अंगठ्याने आवरत अलगद, बिनआवाज मिटायचं. पुन्हा उघडायचं. पुन्हा एक काप.

"कांद्याचं सूप नाताळला मिळेल वाटतं," मी म्हटलं.

"चांगल्या गोष्टी जपून वापराव्या."

"माणसंसुद्धा अशीच जपतोस का रे, चामड्यात गुंडाळून?"

"माणसं..." तो कांद्याकडे बघत म्हणाला, "माणसं अजून जमवली नाहीत. एकच हवंय."

त्याच्या डोळ्यांतलं पाणी कांद्याचं होतं म्हणे. उन्हाळाभर तो येत राहिला आणि पातं हळूहळू निळसर राखाडी होत गेलं. एका दुपारी ते उन्हात धरून तो हळहळला, की बिघडला चाकू. मी म्हटलं, बिघडला नाही, वयात आला. तेवढ्यात धुकं उतरलं. समोरचं काही दिसेना, नुसत्या घंटा वाजत होत्या. मी त्याला म्हटलं वाट चुकशील, हात धर. ती वाट मला झोपेतही सापडली असती, तरी खाली पोहोचायला आम्हाला संध्याकाळ झाली.

गावाला हे कळायला वेळ लागला नाही. बेकरीत माझ्यापुढे कुजबुज व्हायची आणि मी मुद्दाम मोठ्याने दोन पाव मागायची. लपवायचं मला काही नव्हतंच. प्रेमाची मला चिंता नव्हती. चिंता होती घराची. मला गास्पार हवा होता आणि माझ्या गाईही. बाबांना मुलगा नाही, कळप माझ्याकडेच येणार, पण जावई बाबा निवडणार, असं कोणी न बोलता ठरून गेलेलं. दोन्हींपैकी एक सोडायला मी तयार नव्हते. म्हणून गाई खाली आल्यावर मी बाबांना सांगितलं, रविवारी गास्पार जेवायला येतोय. बाबा म्हणाले, येऊ दे.

मी त्याला सगळं शिकवलं. वाइनवरून वाद घालू नकोस, तुमच्याकडच्या चीजचं कौतुक करू नकोस, आईला वाढू दे. एकच गोष्ट सांगायची राहिली, कारण ती सांगायची असते हेच मला सुचलं नाही. आमच्या टेबलावर ताट आणि काटा असतो. चाकू ज्याने त्याने आपल्या खिशातून काढायचा. बाबांनी उघडला की जेवण सुरू. बाबांनी मिटला की संपलं. ताटात काय उरलंय त्याला महत्त्व नाही, सगळ्यांनी मिटायचा आणि उठून कामाला लागायचं. तोपर्यंत दुसऱ्या कोणी चाकू मिटायचा नाही. जेवायला हात कुठला वापरावा हे कोणी कोणाला सांगतं का?

आई पातेल्यात बटाटे आणि चीज घोटून आलिगो करत होती. लाकडी कालथ्याला लांबच लांब तार सुटत होती. मारियुसकाका नेहमीच्या जागी, टेबलाच्या टोकाला. बाबांनी गास्पारला घरच्यांचं विचारलं. त्याने खरं ते सांगितलं: पणजोबा, फळी, कुत्रा.

"म्हणजे पिढ्यान्पिढ्या आमचं नाव विकताय," बाबा म्हणाले.

 गास्पारने सॉसेजचा एक काप केला, पातं पुसलं. काय होणार हे मला दिसलं, मी टेबलाखालून पाय मारला, तो टेबलाच्या पायाला लागला. गास्पारचा अंगठा सवयीने पात्यावर गेला. नेमके तेव्हाच बाबा म्हणाले, "आणि आता मुलगीही न्यायची आहे." त्याचा अंगठा सटकला.

टक्.

मारियुसकाकांच्या तोंडात घास होता. चाकू मिटल्याचा आवाज ऐकून ते तसेच उठले, टोपी घातली आणि गोठ्याकडे निघून गेले. आयुष्यभराची सवय! एरवी मी हसून लोळले असते.

"पाहुण्यांचं जेवण झालेलं दिसतंय," बाबा शांतपणे म्हणाले. "या घरातलं जेवण मी संपवतो. तिएरहून माणसं बोलवावी लागत नाहीत." त्यांनी स्वतःचा चाकू मिटला. आईने कालथा ठेवला आणि तिचा पांढऱ्या मुठीचा, लग्नात मिळालेला चाकू मिटला. धुकं पडायच्या आत घर गाठा, पुन्हा यायची तसदी घेऊ नका, असं बाबांनी गास्पारला सांगितलं. आपलं काय चुकलं ते त्याला आता कळत होतं, तो माफी मागत होता, पण बाबा त्याच्याकडे बघतही नव्हते. ते माझ्या चाकूकडे बघत होते. तो उघडा होता.

"ब्लांदिन, चाकू मिट."

"माझं जेवण व्हायचंय."

"जेवण संपलं."

"तुमचं संपलं असेल." मी गास्पारकडे बोट दाखवलं. "बाबा, मला हा आवडतो. माझं प्रेम आहे याच्यावर. हा इथे बसून जेवेल. नाहीतर हा जिथे जेवेल तिथे मी जेवेन, आणि गाई वर कोण नेतं ते तुम्ही बघा."

"धमकी देतेस?"

"नाही. जेवतेय." आणि मी सॉसेजचा तुकडा कापून तोंडात टाकला.

गास्पार उभा राहिला होता. क्षणभर वाटलं, हा चालला. मग तो पुन्हा खुर्चीत बसला, चाकू उघडला आणि न पुसता ताटाशेजारी ठेवला.

"मी जपायला म्हणून मिटला," तो बाबांना म्हणाला. "आता नाही मिटणार. आणि तुमच्या मुलीला न्यायला आलो नाही मी. तिला चालणार असेल तर मीच इथे राहायला येईन."

माझा घास तोंडातच राहिला. "हे मला कधी सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस..."

"आत्ता विचारते. राहशील?"

"राहीन."

आई कधीची उभी होती. ती खाली बसली आणि तिने तिचा पांढरा चाकू उघडला. इतक्या वर्षांत बाबांनी मिटल्यावर तिने तो उघडलेला मी कधी पाहिला नव्हता. "आलिगो गार झालं की फुकट जातं," ती कोणालाच उद्देशून नाही अशी म्हणाली आणि वाढायला लागली.

आमच्याकडे पाव बाबाच कापतात. मी तो ओढला, छातीशी धरला आणि कापला. एक काप गास्पारला, एक आईला. दारातून मारियुसकाकांनी डोकं आत घातलं आणि गोंधळून विचारलं, जेवण झालं की नाही झालं? मी म्हटलं, नाही झालं काका, बसा. ते बाबांकडे बघत, बिचकत येऊन बसले.

बाबा आमच्याकडे पाठ करून खिडकीशी उभे होते. मी आणखी एक काप केला आणि त्यांच्या ताटात ठेवला. त्यांनी वळून पाहिलं. पावाकडे, मग माझ्या हातातल्या उघड्या पात्याकडे. मी नजर खाली वळवली नाही. बसायचं की नाही, ते त्यांनी ठरवायचं होतं. आमचं ठरलं होतं.