हरतालिकेला अर्धी राहिलेली गाठ

“थुंकीनं ओली कर, मंग आवळ. अन् अर्धी गाठ ठेवून उठू नको, पोरी. दुसरं कोनी आवळते.”

जयमालाला गळ बांधायला शिकवताना तिचे सासरे कडूबा हे दरवेळी म्हणायचे.

ही घडलेली गोष्ट आहे. खऱ्या गोष्टीला देवाची शपथ घालू नये, म्हणून घालत नाही. गेल्या वर्षीची हरतालिका. धामणगाव बढ्याच्या पलीकडचा एक तलाव आणि त्याच्या काठावरची पत्र्याची खोली. वेळ दिवेलागणीची.

कडूबा तेव्हा नव्हते. आदल्या उन्हाळ्यात ते फुगवलेल्या ट्यूबवर बसून मासे धरायला तलावात गेले, ते परत आलेच नाहीत. ट्यूब सापडली. कडूबा सापडले नाहीत. शेवटी त्यांच्या मुलाने, गोविंदाने, गवताचा पुतळा करून त्याला अग्नी दिला.

त्या दिवशी जयमालाचा निर्जळी उपास होता. नवऱ्याची भाकर घेऊन ती तलावावर आली आणि एक गळ बांधायचा राहिला होता, तो घेऊन बसली.

त्यांच्या घरात गळ बायकाच बांधतात. तंगूस, म्हणजे तो काचेसारखा नायलॉनचा दोरा, पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणायचा. दुसरं टोक गळाच्या डोळ्यातून काढून पीळ द्यायचे, ते पहिल्या फासातून मागे घ्यायचं. मग गाठ ओठांत धरून ओली करायची आणि ओढायची.

गाठ ओठांपर्यंत आली आणि जयमाला थांबली.

“काऊन थांबली वं?” गोविंदानं विचारलं.

“तोंडाले लावलं त उपास मोडते. मासोळीचं हाय ते.”

“तुह्या थुंकीलेबी उपास हाय का?” तो हसला. “आन इकडे, मी लावतो.”

“राहू द्या. उद्या उपास सुटला का आवळते. तुमी लवकर या. शेजारच्या मंजुळाबाईच्या घरी पूजा हाय, बाया वाट पाहून राह्यल्या असतील.”

“उपास माह्यासाठीच हाय ना? मंग मले काय होते?”

असं म्हणून तो ट्यूब घेऊन पाण्यात उतरला.

जयमालानं अंगठ्यातला फास काढला. अर्धी गाठ खिळ्याला अडकवली. भिंतीवरच्या महादेवाच्या फोटोला हात जोडले, डोळे मिटले.

बाहेर बेडकं ओरडत होती.

मग...

बेडकं एकदम गप्प झाली.

आणि तिच्या पाठीमागे आवाज आला.

चिक्...

ओल्या ओठांतून दोरा ओढल्यासारखा.

तिला वाटलं, गोविंदाच परतला. तिनं वळून पाहिलं. खोलीत कोणीच नव्हतं.

खिळ्यावरची गाठ मात्र आवळलेली होती.

ओली होती.

आणि तिचं टोक पुन्हा एकदा मागे वळवून खोचलेलं होतं. असं फक्त कडूबा करायचे.

जयमाला दाराकडे धावली. तिनं दार लावलंच नव्हतं. तरी ते बंद होतं. ढकललं, तर बोटभर उघडलं आणि अडकलं. फटीतून तिनं बाहेरची कडी चाचपली.

कडीला तंगूस गुंडाळलेला होता.

बोटाला गाठ लागली. तीही ओलीच...

“अहो...” तिनं हाक मारली.

तेवढ्यात उजव्या पायाला गार काहीतरी लागलं. तिनं खाली पाहिलं.

अंगठ्यात फास होता. दोरा दाराखालून बाहेर गेला होता. पाण्याच्या दिशेनं.

तो हळूहळू ताणला जात होता.

ती खाली बसली, दोन्ही हातांनी चौकट धरली. अंगठा काळानिळा पडत चालला. नखानं गाठ सोडवायचा प्रयत्न केला, पण ती सुटणारी नव्हती. सुटू नये म्हणूनच तर ती गाठ बांधतात. ब्लेड समोरच्या कोनाड्यात होतं. तिचा हात तिथवर पोचत नव्हता.

लांबून, तलावाच्या मधून, गोविंदाचा आवाज आला.

“जयमाला... ट्यूब हालून नाही राह्यली वं. खालून कोनी धरल्यासारखी...”

पुढचं ऐकू आलं नाही. फक्त पाणी गिळल्याचा आवाज.

आणि मग दाराच्या अगदी पलीकडून, तोंडात पाणी भरल्यासारखं कोणीतरी बोललं.

“पोरी... सोड.”

जयमालानं आवाज ओळखला. कडूबा बुडाले त्या दिवशीचे गळ तिनंच बांधले होते. थुंकीनं ओले करून, त्यांनी शिकवले तसे. त्यातली एकही गाठ सुटण्यासारखी नव्हती, आणि कडूबा अजून त्यातच अडकलेले होते.

“बाबा,” ती हळूच म्हणाली, “त्याहिले येऊ द्या. सकाळी वाळूची गौर तलावात शिरवायले एकटीच येते मी. तव्हा तुमची गाठ सोडते. महादेवासमोर वचन देते.”

दोरा सैल पडला. दार आपोआप उघडलं.

गोविंदा आला तो भिजलेला, दात वाजत होते. “ट्यूब बाभळीत अडकली असन,” एवढंच म्हणाला.

त्या तलावात बाभूळ नाही.

पूजेला ती बसली, पण आरतीत तिचा आवाज नव्हता. पहाटे मात्र तिनं हे सगळं मंजुळाबाईंना सांगितलं. मंजुळाबाई आजही सुईत दोरा ओवताना ओठांना लावत नाहीत.

“मी येऊ का संगं?” त्यांनी विचारलं होतं.

“नको, मावशी. मी एकटीच येते म्हनून सांगितलं हाय.”

गोविंदा झोपलेला होता. जयमालानं ताटात वाळूची गौर घेतली, त्यावर बेलाची पानं ठेवली. पानांखाली ब्लेड ठेवलं. उपास अजून सुटला नव्हता.

पदर डोक्यावर घेऊन ती आवाज न करता अंगणातून बाहेर पडली, आणि तलावाच्या वाटेला लागली.

मंजुळाबाई तिच्या पावलांकडे पाहत राहिल्या.

वाट कोरडी होती. पण उजव्या अंगठ्याची खूण... प्रत्येक पावलाला ओली उमटत होती.