पंधराव्या पानावरचा त्रिकोण

बुधवार पेठेतल्या बद्रीनाथांच्या वाचनालयात एक रीत होती. पुस्तक वाचून झालं की सभासद पंधराव्या पानाच्या कोपऱ्यात आपली खूण करायचे, म्हणजे तेच पुस्तक चुकून पुन्हा घरी यायला नको. चैतालीची खूण चांदणी. तिच्या धाकट्या भावाची, अनिरुद्धची, हिरव्या शाईतला त्रिकोण.

हडपसरला आयटी कंपनीत नोकरी लागली तरी चैतालीचं ‘शनीपल्याड’ काही सुटलं नाही. चित्रकथांचं मासिक ते. झोपलेल्या माणसांनी भरलेलं यान शनीच्या पलीकडे निघालेलं, आणि दर अंकात त्यातलं कुणीतरी एक जागं व्हायचं. अनिरुद्ध अंक आधी पटकावायचा आणि जेवताना शेवट फोडायचा. त्यावरून दोघांची दर महिन्याला जुंपायची.

मार्चमध्ये कात्रजच्या वळणावर त्याची मोटारसायकल घसरली. धायरीच्या फ्लॅटमध्ये आई आणि चैताली दोघीच उरल्या. वाचनालयात मात्र तिने काही सांगितलं नाही. तिथून तरी त्याचं नाव कमी व्हायला नको होतं.

एप्रिलच्या कोऱ्या अंकात, पंधराव्या पानावर हिरवा त्रिकोण होता. कुणीतरी वात्रटपणा केला असेल, असं तिने स्वतःला बजावलं. भुताखेतांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता.

मे महिन्यात तिने नव्या अंकांचा गठ्ठा आपल्यासमोर सोडायला लावला.

“घ्या, सुतळीसुद्धा तुम्हीच कापा,” बद्रीनाथ म्हणाले. “पुढच्या वेळी छापखान्यातच जाऊन बसा.”

पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती. तिने ती हलकेच सोडवली. त्रिकोण होताच.

खरं तर घाबरायला हवं होतं. पण तिला इतकं बरं वाटलं की रस्त्यावरचे हॉर्न, दगडूशेठची घंटा, सगळं पाण्याखालून ऐकू येऊ लागलं. त्रिकोणाखाली तिने पेन्सिलीने लिहिलं, ‘घरी ये.’

जूनच्या पहिल्या रविवारी ती अकरा वाजता पोचली.

“अहो, अंक तुमचे बंधू घेऊन गेले की,” बद्रीनाथ म्हणाले. “तासही झाला नसेल. नुकते झोपेतून उठल्यासारखे दिसत होते. ताईला सांगा म्हणाले, मी घरी चाललोय.”

तिने काउंटरची कड धरली.

पर्समधला मोबाइल वाजला. आई होती. तीन महिन्यांत पहिल्यांदा तिचा आवाज मोकळा होता.

“कुठे आहेस गं? ये लवकर. आम्ही दोघं जेवायला थांबलोय.”

आईने फोन ठेवला नव्हता. पलीकडे कुणीतरी पान उलटलं.