मॅडर्नसाहेबांचा चेंडू

विश्वास ठेवा असा माझा आग्रह नाही. पण यातलं एक अक्षरही रचलेलं नाही.

जानेवारी १९९४. मिशिगनमधलं नोव्हाय. गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत मी नवीन लागलो होतो. बायको, अपर्णा, नागपुरात व्हिसाची वाट बघत होती. भाड्याच्या घरात मी एकटाच.

संध्याकाळी ऑफिसमधून आलो की शेजारच्या अंगणातून आवाज यायचा.

धप्...

मग बराच वेळ काहीच नाही.

मग पुन्हा... धप्.

शेजारी क्लॅरी मॅडर्न राहायचे. पंच्याहत्तरीचे, मूळचे ऑस्ट्रेलियन. एक अंडाकृती चेंडू ते मागच्या झाडीकडे लाथेने उडवायचे आणि लंगडत जाऊन परत आणायचे.

एकदा मी त्यांना चहाला बोलावलं. पुढे रोजच यायला लागले.

"मेलबर्नला खेळायचो, गुरुनाथ. आमचं फुटबॉल वेगळं. लाथेने मारायचं, उडी घेऊन हातात झेलायचं. मी मारायचो, माझा दोस्त मिक झेलायचा. पब्लिक वेडं व्हायचं."

मग महायुद्ध आलं. दोघे एकाच तुकडीत, न्यू गिनीच्या जंगलात. तिथे मॅडर्नना गुडघ्यात गोळी लागली. मिक टेहळणीला गेला तो परतलाच नाही. प्रेतही सापडलं नाही. इस्पितळातल्या अमेरिकन नर्सशी लग्न करून मॅडर्न इकडे आले. आता तीही नव्हती. मूलबाळ नाही.

"पुन्हा खेळलात कधी?"

"कोणाबरोबर खेळू?"

फेब्रुवारीत खूप बर्फ पडला. एका संध्याकाळी धप् ऐकून मी खिडकीशी गेलो. चेंडू झाडीत गेला होता. पण मॅडर्न आणायला निघाले नाहीत. नुसते उभे होते.

आणि झाडीतून...

धप्.

चेंडू परत आला. थेट त्यांच्या छातीशी.

मी धावत बाहेर गेलो. "कोण आहे तिकडे?"

"जाऊ नकोस," ते हळूच म्हणाले. डोळे भरले होते. "आत्ता कुठे आलाय तो."

झाडीपर्यंतच्या बर्फावर एकही पाऊल नव्हतं.

त्यानंतर ते चहाला आले नाहीत. मी दोनदा बेल वाजवली. "उद्या, उद्या," आतूनच म्हणाले. खरं सांगतो, मला वाईट वाटलं. त्यांना सोबत मिळाली होती. मी मात्र पुन्हा एकटा.

मग ती संध्याकाळ.

आवाज नव्हता. तरी मी मागच्या काचेच्या दाराशी गेलो.

मॅडर्न अंगणात होते. नुसत्या शर्टावर, त्या थंडीत. आणि ते धावत होते... लंगडत नाही, पंचविशीच्या पोरासारखे. झाडीच्या कडेला थांबले, वळले आणि माझ्याकडे बघून हात वर केला.

पुढचं मला आठवत नाही.

आठवतो तो फोन. मी किचनमध्ये, रिसीव्हर कानाला. पायांत मोजेसुद्धा नाहीत. तळवे बधिर.

"अहो, केव्हाची रिंग देतेय!" अपर्णा रडत होती. तिकडे अजून उजाडायचं होतं. "वाईट स्वप्न पडलं. तुम्ही कुठेतरी चालत निघाला होतात. हाका मारल्या, वळून बघेनात."

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजवूनही मॅडर्ननी दार उघडलं नाही, तेव्हा मी पोलिसांना बोलावलं. मॅडर्न खुर्चीत बसलेले सापडले. गेल्याला दीड दिवस तरी झालाय, असं डॉक्टर म्हणाले.

दीड दिवस. मग संध्याकाळी मी कोणाला पाहिलं?

सगळे गेल्यावर मी मागचं दार उघडलं.

मॅडर्नच्या अंगणातला बर्फ कोरा होता.

पावलं माझ्या दारापासून निघाली होती. अनवाणी. माझीच. सरळ झाडीपर्यंत गेलेली... आणि आत.

परत येणारी नव्हती.

अपर्णा म्हणते, वाऱ्याने बुजली असतील. मग जाणारी कशी राहिली? कधी कधी मात्र मी झोपलोय असं समजून ती हळूच माझे पाय चाचपून बघते.

मी डोळे मिटून पडून राहतो.

तिने तेव्हा फोनवर परत बोलावलं ते कोणाला, हे मलाही अजून नीटसं ठाऊक नाही.