विहिरीतला कोयता

ज्याला हे खोटं वाटतं त्यानं अवसरीला यावं, माझ्या दिराचा हात बघावा आणि मग तोंड उघडावं.

२००१ सालची खंडेनवमी. भर दुपार.

माझा धाकटा दीर चांगदेव. त्याला उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढताना एक कोयता सापडला होता. लाकडी मूठ कुजून गेलेली. पण पात्यावर... गंजाचा ठिपका नाही.

सापडलेलं लोखंड आमच्या घरात आधी लोहाराच्या भट्टीत लाल करतात, मगच उंबऱ्याच्या आत घेतात. चांगदेव म्हणाला, "गंज न्हाई तर भट्टी कशाला?"

मोठा शहाणा!

नवमीला अवजारं पुजायची म्हणून त्याची बायको ठकूबाई कोयत्याला तेल लावायला बसली. बोट नुसतं टेकवलं...

तेल आपोआप पसरलं. पार टोकापर्यंत.

तिनं फडक्यानं पुसलं.

खालून दुसरा थर आला...

माझा अमृत तेव्हा कॉलेजात रसायन शिकत होता. तो हसला. "काकी, तेलाचे कण लोखंडावर ज्वारीच्या ताटांसारखे उभे राहतात. शेजारी शेजारी, आपोआप. एका थरावर दुसरा."

"मग ते गरम का लागतंय रं?"

अमृत वाकून पातं निरखायला लागला.

तिनं बोटाचा वास घेतला. तेलाचा नव्हता... बोकड कापल्यावर येतो, तो.

"बायकांचं कायतरीच!" म्हणत चांगदेवनं कोयता उचलला. उघड्या लोखंडाला धरून.

"ठके... सुटंना."

"नाटकं पुरं झाली तुमची."

"आगं, सुटंना!"

हात वर गेला. तोंड रडत होतं, हात मात्र ऐकत नव्हता. पहिला घाव चौकटीत रुतला. दुसरा ठकूबाईच्या खांद्यात. भिंतीवर रक्त उडालं.

"पळ!" तो ओरडला, आणि तिच्याच अंगावर धावला.

ठकूबाई पळणारी नव्हेच. तिनं मुसळ उचललं आणि नवऱ्याच्या मनगटावर घातलं. पुन्हा घातलं. हाड मोडलं ते मी ओसरीवर ऐकलं.

कोयता पडला. तळहाताची कातडी त्याच्यासंगं गेली.

आमच्या डोळ्यांदेखत ती पात्यावर पसरली... पातळ, गुळगुळीत, पार टोकापर्यंत.

भिका लोहारानं त्याच दिवशी कोयता तापवून, कुटून त्याचा गोळा केला. कुठं पुरला, ते विचारू नका.

मनगट जुळलं. ठकूबाईचा खांदाही भरला. पण तो तळहात...

संध्याकाळी नवी कातडी धरते. ठकूबाई फडकं बांधते आणि रात्रभर तो हात मांडीवर घेऊन बसते.

सकाळी फडकं तसंच. गाठ तशीच.

कातडी नसते.

अमृत आता शिकवतो. कातडी जाते कुठं, म्हणून मी त्याला विचारलं. तो ताटावरून उठून गेला.