आधी पुरावा

कोटावर शाईची बाटली उलटली नसती, तर शब्दवाली त्या लाँड्रीत कशाला फिरकली असती! शब्दकोशाच्या कचेरीत शब्दांची मुळं शोधणं हे तिचं काम, आणि पुराव्याशिवाय कशावरही विश्वास ठेवायचा नाही हा स्वभाव. डाग केव्हाच गेला, कोट मात्र दर शनिवारी येऊ लागला. इस्त्री फिरवता फिरवता लाँड्रीवाला एखादा शब्द विचारायचा, ती मूळ सांगायची, नजरेला नजर भिडायची... आणि मुद्द्याचं कोणीच बोलायचं नाही.

रविवारी तो मावशीनं सुचवलेल्या मुलीला भेटायला जाणार, असं तिच्या कानावर आलं. तरी शनिवारी ती गेलीच.

"आज कुठला शब्द?" तिनं उसनं हसू आणलं.

"ब्रेनवॉशिंग," तिच्याच कोटावर इस्त्री टेकवत तो म्हणाला.

"मूळ चिनी. तिकडे 'मेंदू धुणं' असा शब्द आहे. १९५०च्या सुमारास वर्तमानपत्रांनी तो इंग्रजीत आणला."

"म्हणजे आमच्याच धंद्यातला की!"

ती खुदकन हसली, तोच आतून त्याची आई तरातरा आली.

"बरं झालं विषय निघाला! माझ्या मुलाचं ब्रेनवॉशिंग हिनंच केलंय. उद्या जायला नाही म्हणतोय!"

दुसरी कोणी रडली असती. हिची सवय आडवी आली.

"काकू, पुरावा?"

"पुरावा? स्वतःचा रुमाल कधी धुतला नाही यानं, तुझा कोट मात्र मशिनला लावू देत नाही. हातानं धुतो! परवा बटण सैल दिसलं, तर सुई घेऊन बसला आणि बोट टोचून घेतलं. शनिवार उजाडला की दाराकडे बघत बघत गिऱ्हाइकांच्या कॉलरी जाळतो!"

लाँड्रीवाला कानापर्यंत लाल झाला. एवढं प्रेम... आणि शब्दवालीला पत्ताच नाही!

"काकू, शप्पथ... मला यातलं काहीच माहीत नव्हतं."

आई थबकली. "म्हणजे हिनं काहीच केलं नाही? तू आपला आपणच—?"

त्यानं मान डोलावली.

"मग मिठाची गुळणी धरून काय बसलायस? विचार की तिला!"

"करशील... माझ्याशी लग्न?"

"करीन," ती म्हणाली. "पण आधी ती इस्त्री उचल, माझा कोट जळतोय!"

"हा घे, आणखी एक पुरावा," म्हणत आई मावशीला फोन लावायला आत गेली.