सहाव्या कपाची झीज

काचबाईंना त्या घरी बोलावणं आलं ते अगदी साध्या कामासाठी. पैलूदार काचेचे, धातूच्या कानाचे सहा जुने कप होते; ते किती जुने आहेत एवढंच सांगायचं होतं. वस्तुसंग्रहालयातून निवृत्त झाल्यावर त्या अशी कामं आवडीनं करायच्या. त्यांचं खरं नाव केव्हाच मागे पडलं होतं.

दुपारचे सव्वातीन झाले होते. बाहेर ढगाळ, आणि आत त्याहून अंधारलेलं. घरात दोघंच होती, पन्नाशी उलटलेली बहीण आणि तिचा धाकटा भाऊ. वडील जाऊन बावीस दिवस झाले होते. ताईला आपल्याबरोबर न्यायचं म्हणून भाऊ सामान बांधत होता. खोलीभर कागदाचे बोळे आणि चिकटपट्टीचा वास.

"बाई, नुसती तारीख सांगा," भाऊ म्हणाला. "तेवढ्यासाठी ताईचा पाय घरातून निघेना झालाय."

टेबलावर पाच कप मांडले होते. काचबाईंनी पहिला घेऊन पैलूंवरून अंगठा फिरवला. कडा धारदार लागल्या. साच्यात दाबलेल्या काचेची कड बोथट असते आणि अंगावर साच्याची बारीक रेघ राहते. इथं रेघ नव्हती. चाकावर धरून, हातानं कापलेली काच. कप ज्या धातूच्या कड्यात बसला होता ते कडं आणि कान पितळेचे, वर चांदीचा मुलामा. कान कड्याला जोडणारा डाक हातानं दिलेला.

"नव्वद वर्षं. फार तर पंच्याण्णव," त्या म्हणाल्या. "पाचही एकाच हातचे. वापर जवळजवळ नाहीच. सहावा कुठाय?"

बहिणीनं भावाकडे पाहिलं. "तो मागच्या खोलीत आहे. तो... हलवायचा नाही."

मागची खोली अरुंद होती. खिडकीशी छोटं टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या. बंद खोलीला येतो तो वास, आणि त्यात शिळ्या चहाचा. टेबलावर सहावा कप एकटाच होता.

काचबाईंनी तो उचलला आणि त्यांचा हात थबकला. नक्षी तीच, कडं तेच. पण पैलू वापरलेल्या साबणासारखे गुळगुळीत. कानावरचा मुलामा साफ उडालेला आणि आतलं पितळही झिजून तारेएवढं उरलेलं.

"हा कोण वापरतं?"

"कोणीच नाही," बहीण म्हणाली. "आम्ही फक्त ओतायचो. आजोबा ओतायचे, मग बाबा, मग बाबांचे हात थरथरायला लागल्यावर मी. चार वाजता चहा ओतायचा, दार ओढून घ्यायचं, आत बघायचं नाही. अर्ध्या तासानं कप रिकामा. कोरडा ठाक."

"बाबाच गुपचूप पीत असणार," भाऊ हसत म्हणाला, पण तो उंबरा ओलांडून आत आला नव्हता. "ते गेल्यावर मी ताईला शपथ घातली, आता हे खूळ बंद. बावीस दिवस झाले, काही आकाश कोसळलं नाही."

काचबाईंनी कान उजेडाकडे धरला. उघडं पडलेलं पितळ काही दिवसांत काळवंडतं. हे लखलखत होतं. त्यांनी पांढऱ्या फडक्यानं हलकेच पुसलं. फडक्यावर पिवळी भुकटी आली.

"ही झीज ताजी आहे," त्या म्हणाल्या. "फार तर काल-परवाची."

"मी ओतलाच नाही हो..." बहीण म्हणाली. "म्हणजे... रिकामाच कप घेऊन..."

तिनं पुढं विचारलं ते फार हळू. "बाई, झिजेवरून हात कळतो का?"

कळत होता. कप उचलून पिणाऱ्याची झीज कानाच्या वरच्या बाजूला, आतून असते. ही बाहेरून होती, सगळीकडे सारखी. कप टेबलावरच ठेवून कोणीतरी तासन् तास कानावरून बोट फिरवत बसलं होतं. अशी झीज त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिली होती. नवरा इस्पितळात होता तेव्हा स्वयंपाकघरात बसून त्यांनी स्वतःच त्याच्या पेल्याचा कान असा घासून काढला होता.

"इथं जो येतो, तो पिण्यासाठी येत नाही," त्यांच्या तोंडून निघून गेलं. "तो वाट बघतोय."

बाहेरच्या खोलीतल्या घड्याळात चार वाजायला पाच मिनिटं होती.

"ओतू का?" बहिणीनं विचारलं. भावाला नाही, त्यांना.

उभ्या आयुष्यात असल्या गोष्टींना थारा न दिलेल्या काचबाई म्हणाल्या, "ओता."

भाऊ चिडला. बाकीचे पाच कप कागदात गुंडाळून त्यानं खोक्यात भरले, खोकं बोळात आणून पायाशी ठेवलं आणि भिंतीला टेकून उभा राहिला. बहिणीनं चहा करून ओतला आणि दार ओढून घेतलं. तिघं बोळात थांबली. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला नाही, पावलं वाजली नाहीत. फक्त एकदा, काचेवर नखानं टिचकी मारावी तसं... टिंग. मग थोड्या वेळानं पुन्हा. भाऊ आता भिंतीला टेकलेला नव्हता. त्यानं ताईचं मनगट घट्ट धरलं होतं.

साडेचारला बहिणीनं दार ढकललं.

खिडकीकडचा कप रिकामा होता, कोरडा. पण त्याच्यासमोर, दाराकडे पाठ असलेल्या खुर्चीपुढे, दुसरा कप होता. काठोकाठ भरलेला. त्यातून वाफ निघत होती.

"मी एकच ओतला होता," बहीण म्हणाली.

भावानं गुडघे टेकून खोकं फाडलं, एकेक कागद उलगडला. चार कप होते. त्यानं ते तसेच टाकले, बहिणीला धरून फाटकापर्यंत नेलं आणि सामान, कप, सगळं मागे ठेवून दाराला कुलूप घातलं. त्याच संध्याकाळी दोघं निघून गेली. ताईचं पुढं बरं चाललं. ती परत त्या घराकडे फिरकली नाही. तिला कधी परतावंसं वाटलंही नाही.

काचबाईंनी मात्र दारातून निघण्याआधी तो कप नीट पाहिला होता. सवयच ती. भरलेला कप ठेवणाऱ्यानं पिणाऱ्याच्या सोयीनं कान वळवून ठेवला होता. डावीकडे.

बहीण आणि भाऊ, दोघंही सगळं उजव्या हातानं करणारी. त्या घरात त्या दुपारी डावखुरं माणूस एकच होतं. आणि आपण कप कोणत्या हातानं धरतो हे काचबाईंनी तिथं कोणाला सांगितलं नव्हतं.