दोन इमारतींमधली तार

तळघराच्या भिंतीतलं केबलचं झाकण उघडून तिने आत हात घातला, आणि मागून आवाज आला, “तिथे गांधीलमाशा आहेत... जरा जपून.”

“सांगायला उशीर केलात,” ती बोट झटकत म्हणाली.

तो धावत जाऊन रुमालात बर्फ घेऊन आला. बोट टम्म फुगलेलं, डोळ्यांत पाणी, तरी तिला हसू येत होतं – एवढा उंचापुरा माणूस माशांना घाबरून पार जिन्याला चिकटून उभा होता. मग त्याच्या शर्टावरचं कंपनीचं नाव दिसलं आणि तिचं हसू विरलं. महिनाभर ती ज्या कंपनीला विरोध करत होती, तिचाच हा इंजिनिअर.

ती एका स्कॅन सेंटरचं नेटवर्क सांभाळायची. एका इमारतीत स्कॅन व्हायचे, रस्त्यापलीकडच्या इमारतीत डॉक्टर ते वाचायचे. शिवाय दूरदूरच्या नऊ लहान शाखा. जुनी लाइन पुरत नव्हती. मेंदूचा एक स्कॅन पलीकडे पोचेपर्यंत रुग्णाचे नातेवाईक काउंटरशी चार खेटे घालायचे. तिचं म्हणणं, जमिनीखाली नुसती पडून असलेली फायबर – डार्क फायबर – भाड्याने घ्यावी. तार दुसऱ्याची, पण टोकांची यंत्रं आपली आणि वेगही आपल्या हातात. त्याची कंपनी म्हणत होती, लाइन, यंत्रं, देखरेख, बिघाड, सगळं आमच्यावर सोपवा. निर्णय सेंटरच्या मालकीणबाई, म्हणजे सगळ्यांच्या डॉक्टरबाई, घेणार होत्या.

पाहणीसाठी तो आठवडाभर येत राहिला. त्याच्यावर लक्ष ठेवायला म्हणून ती सोबत फिरायची, असं तिने ताईला रोजच्या व्हिडिओ कॉलवर सांगितलं. पहाऱ्याला जाताना रोज नवे कानातले लागतात का, असं ताईने विचारलं.

एकदा गच्चीवर, केबलची लांबी मोजता मोजता, त्याने शेवटची सुट्टी कधी घेतलीत असं विचारलं. तिने आठवून पाहिलं. ताईच्या लग्नात... आणि ताईची मुलगी आता शाळेत जात होती.

“नऊ शाखांची यंत्रं तुम्ही एकट्या सांभाळणार?”

“जमेल मला.”

“जमेल हो,” तो हळूच म्हणाला. “त्याचंच वाईट वाटतं.”

पुढचे दोन दिवस ती त्याच्याशी ‘हो’ आणि ‘नाही’ एवढंच बोलली. राग त्याच्या बोलण्याचा नव्हता. ते खरं होतं, याचा होता.

बैठकीत ती कंबर कसून बसली होती. तो उभा राहिला आणि म्हणाला, दोन इमारतींमध्ये आमची सेवा घेऊ नका. अंतर थोडं आहे, स्कॅन मोठे आहेत, आणि सांभाळणारं जाणतं माणूस तुमच्याकडे आहे. तिथे फायबरच भाड्याने घ्या. शाखा मात्र आमच्याकडे द्या. शेजारी बसलेल्या त्याच्या साहेबांचा चेहरा पडला.

डॉक्टरबाईंनी तिच्याकडे पाहिलं. तिने लॅपटॉप मिटला. “शाखा द्याव्यात,” ती म्हणाली. “त्या मला एकटीला झेपणार नाहीत.” बोलून झाल्यावर खांद्यावरून कुणी पोतं उतरवल्यासारखं वाटलं.

दोन महिन्यांनी नवी लाइन सुरू झाली. पलीकडे डॉक्टर खुर्चीत बसायच्या आत स्कॅन हजर. पण शाखांच्या कामाला दुसराच इंजिनिअर आला. आधीच्यांनी आपणहून हे काम सोडलं, असं तो म्हणाला. दिवसभर तिचं कशात लक्ष लागलं नाही.

संध्याकाळी तो आधीचा इंजिनिअर रिसेप्शनपाशी उभा होता.

“आमचं काम सोडलंत म्हणे... कंटाळलात?”

“नाही.” त्याने कॉलर सारखी केली. “ग्राहकाला – माझ्याबरोबर फिरायला याल का – असं विचारता येत नाही ना.”

“म्हणजे आता मी तुमची ग्राहक नाही.”

“नाही.”

“मग विचारा की. किती वेळ लावता!”

त्याने विचारलं, इतकं हळू की रिसेप्शनवरच्या काकूंनी मान पुढे काढली. तिने मात्र रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं ‘हो’ म्हटलं.